ओहम मास्तरांचे गणित

दहावीच्या वर्गात फळ्यावर हमखास येणारे एक उदाहरण आहे. विजेच्या इस्त्रीला २३० व्होल्टचा दाब दिला आणि तिच्यातून ५ अँपिअर धारा वाहिली, तर रोध किती आणि शक्ती किती? दाबाला धारेने भागले की रोध ४६ ओहम. दाब आणि धारा यांचा गुणाकार केला की शक्ती ११५० वॅट. दोन ओळींत उत्तर, गुण पदरात. माझा विषय इतिहास असल्याने मला या दोन ओळींमागची माणसे खुणावतात. त्यांतला मुख्य माणूस एक शाळामास्तर होता, हे आम्हा मंडळींना विशेष सांगण्याजोगे.

जॉर्ज सायमन ओहम १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे एका कुलपे करणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला. वडिलांनी स्वतःच्या बळावर विद्या मिळवली होती; मुलांचे पहिले गुरूही तेच. १८१७ पासून ओहम कोलोनच्या शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागला. शिकवून उरलेल्या वेळात तो शाळेच्याच प्रयोगशाळेत रमे.

अडचण अशी, की तेव्हाच्या विद्युतघटाचा जोर प्रयोग चालू असतानाच ओसरे; मग मोजमापाचा भरवसा काय? पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याला वेगळी वाट सुचवली. बिस्मथ आणि तांबे यांच्या जोडांपैकी एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की वीज स्थिर राहते. १८२६ साली ओहमने वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि चुंबकसूचीच्या वळण्यावरून धारा मोजली. तार लांब, तशी धारा कमी. आणि ही घट ठराविक नियमाने होते, हे त्याने आकड्यांनी दाखवले. १८२७ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला.

मायदेशात त्याचे स्वागत थंडच झाले. निराश होऊन त्याने कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोप्ली पदक दिले. म्युनिकला पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, आणि १८५४ साली तो गेला.

हाच नियम इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला १७८१ मध्येच गवसला होता. धारामापक नव्हता, म्हणून तो स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्यांची तुलना करी! पण त्याने तो छापला नाही. मॅक्सवेलने त्याची टिपणे १८७९ साली प्रसिद्ध केली, तोवर नियमाला ओहमचे नाव पडले होते.

राहिला शक्तीचा भाग. सॅलफर्डच्या मद्य-कारखानदाराचा मुलगा जेम्स ज्यूल याने १८४० च्या सुमारास पाण्यात तारेचे वेटोळे बुडवून उष्णता मोजली. त्याच तारेतून दुप्पट धारा गेली, तर उष्णता चौपट. घरातल्या फ्यूजची तार जास्त धारेने का वितळते, याचे उत्तर इथेच आहे. १८८१ च्या पॅरिस परिषदेने व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही एककांची नावे स्वीकारली. ज्याची विद्वानांनी उपेक्षा केली, त्याचे नाव आज तारेच्या प्रत्येक तुकड्याच्या मोजमापात आहे.

म्हणून विज्ञानशिक्षकांना एक विनंती. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या हाती दोन-चार तारा आणि एक धारामापक द्यावा, आकडे त्यांनाच मांडू द्यावेत. ओहमची विद्या मुळात शाळेतच जन्मली. तिला शाळेत परकेपण नसावे.