झील कोणी धरली? कार्ल्याच्या स्तंभांपासून हिप हॉपच्या मिक्सिंगपर्यंत

१/
मावळातील कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरणाऱ्याची नजर आधी छताकडे जाते. सुमारे दोन हजार वर्षे टिकलेल्या तिथल्या लाकडी फासळ्यांचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. आज मात्र नजर खाली, स्तंभांकडे वळवू. चैत्यगृहात एकूण ३७ स्तंभ आहेत: दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ आणि स्तूपामागे ७ साधे. यांतील अनेक स्तंभांवर ते देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत.

२/
ही नावे राजेरजवाड्यांची नाहीत. धेनुकाकट या गावचे अनेक दाते त्यांत आहेत आणि त्यांतील काही स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. प्रवेशद्वाराचे काम करणारा सामी नावाचा सुतार आपल्या वडिलांच्या नावासह नोंदला गेला आहे. एक स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमिताचा आहे. तो धम्मुत्तरीय शाखेचा ‘भाणक’, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत करून मोठ्याने पठण करणारा. आवाज हेच ज्याचे काम, अशा माणसाचे नाव मावळात दगडावर टिकले.

३/
या धाग्याचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल: हिप हॉपच्या ध्वनिमुद्रणात आवाजाचे थर कसे रचतात आणि ते डावी-उजवीकडे कसे मांडतात, म्हणजेच मिक्सिंग व पॅनिंग. वरवर हा तंत्राचा विषय आहे. पण मध्यभागी कोणाचा आवाज, कडेला कोणाचा आणि नाव कोणाचे उरते, हे प्रश्न इतिहासाचेही आहेत. मावळाला ते नवे नाहीत.

४/
आधी पोवाडा. शाहीर डफ घेऊन पुढे उभा राहतो. मागे तुणतुणे, झांज आणि झीलकरी. शाहीर ओळ टाकतो. तिचा शेवट झीलकरी उचलतात, ताणतात, ‘जी जी’ करीत पुढच्या ओळीपर्यंत पोहोचवतात. यालाच झील धरणे म्हणतात. ऐकणाऱ्याला ती सजावट वाटते. मुळात ती गरज आहे. त्या चार क्षणांत शाहीर श्वास घेतो, पुढचे कडवे आठवतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो. मैदानात ध्वनिवर्धकाविना तासभर गायचे, तर एका छातीचा दम पुरत नाही.

५/
कीर्तनातही हीच रचना दिसते. मध्ये कीर्तनकार, मागे विणेकरी, बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. ध्रुपद रांगांनी धरायचे, निरूपण मधल्याने करायचे. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी संताजी जगनाडे मूळचे चाकणचे; त्यांची समाधी मावळातल्या सुदुंबऱ्यात आहे. तुकोबांचे अभंग संताजींनी लिहून ठेवले, अशी वारकरी परंपरा सांगते. पुढे त्यांच्या नावाने जपलेल्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी गाथेची आवृत्ती काढली. म्हणजे बाजूला उभा राहून साथ करणारा आवाजच मधल्या आवाजाचा जतनकर्ता ठरला.

६/
झीलकऱ्यांच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. अफजलखानवधाचा पोवाडा अग्निदासाचा (अज्ञानदासाचा), सिंहगडचा तुळशीदासाचा, हे आपल्याला ठाऊक आहे. कारण शाहीर रचनेत आपले नाव गुंफतो. आजच्या मावळ तालुक्यातील आंदर, नाणे आणि पवन या खोऱ्यांसह साऱ्या मावळातील माणसांची कीर्ती अशा पोवाड्यांनी गायली. पण पहिल्यांदा ते गाताना तुळशीदासामागे कोण उभे होते? झील कोणी धरली? ही नावे आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

७/
१८९१ मध्ये एच. ए. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. हे काम फार मोठे होते. त्यामुळेच कितीतरी रचना वाचल्या. पण छापलेल्या पानाला एकच आवाज असतो. झीलकरी किती होते, कोणत्या अक्षरावर शिरले, कोणता स्वर किती ताणला, हे कागदावर उतरत नाही. पोवाडा साधन म्हणून वाचताना आपल्या हाती मधला आवाज तेवढा येतो, हे भान ठेवायला हवे.

८/
अपवाद आहे आणि तो गोड आहे. पेशवाईतील ‘होनाजी बाळा’ हे एका व्यक्तीचे नाव नव्हे. होनाजी शिलारखाने रचना करीत आणि बाळा करंजकर गात. कवी आणि गाता गळा अशी दोन्ही नावे लोकांनी एकत्र लक्षात ठेवली. इच्छा असली तर श्रेय वाटून देता येते, याचा हा पुरावा आहे.

९/
आता यंत्राकडे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी भारतातील पहिली मोठी ध्वनिमुद्रणे केली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात गायचे आणि त्या दाबाने सुई मेणाच्या तबकडीवर खोदत जायची. मिक्सिंगचे एकमेव साधन म्हणजे अंतर. मुख्य गायक कर्ण्यासमोर, साथीदार मागे. आणि निघणारा आवाज एकाच बिंदूतून येई. मैदानातले पुढे-मागे थोडेफार उरले, पण डावे-उजवे पुसले गेले.

१०/
ते परत आणण्याचा पाया १९३१ मध्ये ॲलन ब्लमलाईन या इंग्रज अभियंत्याच्या पेटंटने घातला. बाजारात स्टीरिओ तबकड्या १९५०च्या दशकाअखेर आल्या. आवाज डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या बटणाला ‘पॅन’ म्हणतात. तो शब्द ‘पॅनोरॅमिक’वरून आला आहे, डिस्नेच्या १९४० च्या ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी असे साधन वापरले गेले होते. तत्त्व सोपे आहे. एकच आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखाच आला, तर तो मधोमध ऐकू येतो, जिथे प्रत्यक्षात स्पीकर नसतोच. एका बाजूला वाढवला, की तिकडे सरकतो.

११/
त्याच काळात आणखी एक, आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा बदल घडला. १९५१ मध्ये लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांच्या ‘हाऊ हाय द मून’ या गाण्यात मेरी फोर्ड स्वतःच स्वतःची साथ करताना ऐकू आल्या. एकावर एक थर मुद्रित करून ते साधले होते. १९६६ मध्ये लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत केन टाउनसेंडने असे तंत्र बसवले, की गायकाने दुसऱ्यांदा गाण्याचीही गरज उरली नाही. यंत्रच आवाज दुहेरी करू लागले. क्रम ध्यानात घ्या: आधी साथीदार, मग स्वतःचाच दुसरा आवाज, शेवटी यंत्र.

१२/
हिप हॉपची सुरुवात मात्र साथीदारांपासूनच झाली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील मेजवानीत डीजे कूल हर्कच्या तबकड्यांबरोबर कोक ला रॉक माइकवर होता. पुढे चक डीच्या बाजूला फ्लेवर फ्लेव आला. बीस्टी बॉईजच्या १९८६ च्या पहिल्या अल्बममध्ये एक जण ओळ म्हणतो आणि शेवटच्या यमकावर बाकीचे तुटून पडतात. पोवाडा ऐकलेल्या कानाला हे ओळखीचे वाटेल.

१३/
म्हणून ‘पोवाडा हाच मूळ रॅप’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. ब्राँक्स आणि मावळ यांच्यात या बाबतीत देवाणघेवाण झाल्याचा पुरावा नाही. साम्य आहे ते अडचणीचे: भरभर शब्द, गर्दी आणि एकाच माणसाचा दम. सारखी अडचण आली, की माणसे बरेचदा सारखी तोड काढतात. इतिहासात साम्य दिसले की लगेच वंशावळ काढू नये. आधी कारण शोधावे.

१४/
आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. समजा, ओळ अशी आहे: ‘घाट चढून आलो, धुकं फोडून आलो.’ मुख्य आवाज मधोमध; ढोलाचा खालचा ठोका आणि बासही तिथेच. मग तीच ओळ पुन्हा दोनदा म्हणायची आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवायची. याला डबल म्हणतात. बहुतेकदा पूर्ण ओळ दुहेरी करीत नाहीत. फक्त दोन्ही ‘आलो’. म्हणजे झील जिथे शिरते तिथेच. मधल्या फटीत एखादी हाक, हुंकार किंवा हसू एका कडेला, ते ॲडलिब.

१५/
इथे नवशिक्यांची नेहमीची फसगत होते. एकच मुद्रण नक्कल करून दोन्हीकडे ठेवले, तर आवाज रुंद होत नाही. मधोमधच राहतो आणि नुसता मोठा होतो. रुंदी येते ती दोन वेळा म्हणण्यातल्या बारीक फरकाने. श्वास जरा वेगळा, स्वर किंचित लांब. दोन गळे वेगळे असतील, तर फरक आणखी भरीव. यंत्राच्या दृष्टीनेही दुसरा माणूस ही उणीव नसून गुण आहे.

१६/
पुढची मशागत अशी. कडेच्या आवाजांची पातळी मुख्य आवाजाच्या खाली ठेवतात आणि त्यांतला जड, खालचा भाग फिल्टरने काढतात, म्हणजे मधली ओळ गढूळ होत नाही. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’ ही अक्षरे दोन मुद्रणांत पुढेमागे झाली, की तडतड ऐकू येते. म्हणून डबलमधली ही व्यंजने कापतात किंवा बोथट करतात. स्वर कडेचा, व्यंजन मधल्याचे. झीलकरीही बहुधा स्वरच ताणतात. शब्दाची धार शाहिराकडे राहते.

१७/
शेवटची परीक्षा मोनोची. साध्या मोबाइलवर किंवा जत्रेतल्या भोंग्यावर डावे-उजवे एकत्र होते. कृत्रिम रुंदीसाठी एकाच आवाजाची किंचित उशिराची नक्कल वापरली असेल, तर तो पोकळ होतो. एक बाजू उलट्या कलेत असेल, तर तो आवाज पूर्ण नाहीसाही होतो. खरोखर दुसऱ्यांदा म्हटलेला आवाज असा पुसला जात नाही. म्हणून जाणकार मिक्स करताना अधूनमधून मोनोवर ऐकून पाहतात: कडेचे लोक अजून आहेत ना?

१८/
स्टुडिओत दमाची अडचण उरली नाही. ओळ तुकड्यातुकड्यांत मुद्रित करून जोडता येते. साहजिकच झील ही गरज न राहता निवड झाली. १९९०च्या दशकात टुपाक शकूर स्वतःच्याच आवाजाचे थर एकमेकांवर चढवण्यासाठी ओळखला जाई; आज घरातल्या संगणकावर गाणी करणारे बहुतेक तरुण तेच करतात. झील राहिली, झीलकरी बाहेर पडला. मिगोससारखा त्रिकूट-गट एकमेकांच्या ओळींवर ॲडलिब देत असे. अशा गाण्यात सोबत ऐकू येते आणि ती फिल्टरने बनत नाही.

१९/
मराठीतले एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर ‘द वारली रिवोल्ट’ हे गाणे काढले. त्यात आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे आणि गाण्याच्या श्रेयात त्यांचे नावही आहे. ज्यांच्या जमिनीबद्दल गाणे, त्यांचा आवाज निनावी ‘पार्श्वध्वनी’ झाला नाही. होनाजी-बाळांच्या जोडनावाशी या श्रेयपट्टीचे नाते आहे.

२०/
कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर आज एकवीरा आईचे मंदिर आहे. चैत्र यात्रेला आगरी-कोळी समाज पालख्या घेऊन गड चढतो. एक जण गाणे उचलतो, बाकीचे ते धरतात. एका बाजूला भाणक सातिमिताचे नाव कोरलेला स्तंभ आणि काही पावलांवर ही जिवंत साथ. त्या साथीतली नावे मात्र कुठेच कोरली जात नाहीत.

२१/
म्हणून दोन विनंत्या. गाणी करणाऱ्यांनो, कडेचा थर स्वतःच भरण्याऐवजी एखाद्या मित्राला बोलवा; त्याचे नाव श्रेयात लिहा आणि प्रत्येक आवाजाची वेगळी फाइल जपून ठेवा. उद्याच्या अभ्यासकाला तीच वही असेल. आणि इतिहासाच्या मित्रांनो, गावात जुन्या शाहिरी फडात किंवा भजनी मंडळात साथ केलेली वडीलधारी माणसे असतील, तर त्यांच्याकडे जाऊन विचारा: मागे कोण उभे राहायचे, झील कुठे शिरायची? त्यांच्या संमतीने मुद्रित करा, तारीख घाला, गाव लिहा. शाहिराचे नाव बहुधा कुठेतरी असतेच. सुरुवात त्याच्या मागच्या माणसापासून करा.