न झडलेल्या तोफगोळ्यांचे काय होते? पुलगाव, सोनेगाव आणि युद्धाचा कचरा

युद्ध आणि पर्यावरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जळती तेलविहीर किंवा व्हिएतनामचे उजाड जंगल येते. नागपूर मात्र आठवत नाही. सीताबर्डी आणि सक्करदऱ्याच्या १८१७ मधील लढायांनंतर या शहराने मोठे रण पाहिलेले नाही. तरीही आजचा धागा नागपूरच्याच परिसराविषयी आहे.

सुरुवात मिहानपासून करू. शिवणगाव, खापरी अशा गावांची शेतजमीन घेऊन उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात विमानांचे सुटे भाग तयार होतात. तिथला दसॉचा कारखाना राफेल करारातील अटींमुळे आला. बनतात ते मुख्यतः नागरी जेटचे भाग, ही गंमत वेगळी. सीमेपासून दूर आणि रेल्वेच्या मध्यावर असलेला विदर्भ लष्करी उद्योगाला फार पूर्वीपासून सोयीचा वाटत आला आहे. भंडारा, अंबाझरी आणि चांदा येथील आयुध निर्माणी १९६० च्या दशकातल्या. शस्त्राच्या जन्माची ही बाजू आपल्याला ठाऊक असते, तिचे उद्घाटनही होते. शस्त्राच्या मरणाची बाजू पाहायची तर नागपूरहून सुमारे ११० किलोमीटरवर, वर्धा जिल्ह्यातील पुलगावला जावे लागते.

पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार सुमारे ७,००० एकरांवर पसरले आहे. मित्रहो, इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दारूगोळा वापरला नाही म्हणून तो तसाच राहत नाही. तो म्हातारा होतो. टीएनटी पुरेसे शुद्ध नसेल तर त्यातील तेलकट, कमी तापमानाला वितळणारी द्रव्ये उष्णतेने कवचाबाहेर पाझरू लागतात. आणि वैदर्भीय उन्हाळा कसा असतो, हे सांगायला नकोच!

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर या भांडारातील एका कोठारात आग लागून प्रचंड स्फोट झाले. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १९ जणांचा मृत्यू झाला. त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते. त्या कोठारात रणगाडाविरोधी सुरुंग होते आणि त्यांतून पाझरलेल्या टीएनटीकडे पुढे बोट दाखवले गेले. शत्रूवर कधीही न वापरलेल्या सुरुंगांची ही कथा आहे.

मग जुना दारूगोळा नष्ट करणे भाग पडते. त्यासाठी भांडारालगत, सोनेगाव (आबाजी) जवळ मोकळे मैदान आहे. खड्डा खणायचा, माल ठेवायचा, वाळूची पोती रचायची आणि स्फोट घडवायचा. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून आलेला माल उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या गावांतील रोजंदारीचे मजूर होते.

उघड्यावरच्या स्फोटात सगळेच जळून जाते असे नाही. न जळलेले कण आणि धातूंचे तुकडे मातीत उरतात. टीएनटी मातीला चिकटून बसते. आरडीएक्स मात्र पाण्याबरोबर सहज खाली झिरपते. विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या प्रदेशात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

हे किती काळ टिकते, याचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्दूनजवळच्या जंगलात सुमारे दोन लाख विषारी वायूचे गोळे जाळले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या मातीत वजनाच्या १७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक आढळले. आजूबाजूला झाडी आहे, त्या जागेवर मात्र जवळजवळ काहीच उगवत नाही. अर्थात ते रासायनिक गोळे होते, पुलगावचे नव्हेत. तुलना तेवढ्यापुरतीच घ्यावी. पण तिथलाही विध्वंस लढाईने नव्हे, लढाईनंतरच्या आवराआवरीने झाला.

सोनेगावच्या घटनेनंतर आणखी एक गोष्ट उजेडात आली. स्फोट थांबले की गावकरी मैदानावर पितळ, तांबे, लोखंड वेचायला जात. तोफगोळ्याचे कवच पोलादी असते, पण त्याच्या मागचे काडतुसाचे आवरण बऱ्याचदा पितळी असते आणि भंगाराच्या बाजारात पितळेला लोखंडाहून कितीतरी जास्त भाव मिळतो. कोरडवाहू शेतीच्या त्या पट्ट्यात, मजुरी नसलेल्या दिवशी, तेवढीच कमाई होती.