कीचकवधाचा शेवट

पाठलाग करणाऱ्या प्रेमिकाच्या चित्रपटाचा शेवट बहुधा ठरलेला असतो. तो मरतो, दिवे लागतात आणि आपण निश्चिंत मनाने घरी परततो. १९९३ मधील यश चोप्रांच्या ‘डर’मध्येही राहुल अखेर सुनीलच्या हातून मरतो, पण प्रेक्षकांची सहानुभूती त्या मरणाऱ्याकडेच गेली. जिने सारा काळ जीव मुठीत धरला, त्या किरणची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. या शेवटाचा अर्थ लावू लागलो, की आम्हांला उज्जैनच्या वाड्यांतून चातुर्मासात ऐकलेले विराटपर्व आठवते.

कथा तीच आहे. सैरंध्री नकार देते, कीचक पिच्छा सोडत नाही. भर दरबारात तो तिला लाथ मारतो, तरी विराट राजा गप्प राहतो. कारण कीचक राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती. तेव्हा रात्री ती स्वतःच भीमाला जागे करते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत हिंदभूमी, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसू लागले. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. पुढे १९२० मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. त्यातील वधाचे दृश्य इतके हुबेहूब होते, की ते कापावे लागले. दोन्ही वेळा चर्चा झाली ती वधाचीच.

महाभारतात मात्र गोष्ट तेथे संपत नाही. कीचकाचे एकशे पाच भाऊबंद सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळावयास नेतात. भीम तिला सोडवितो. आणि मग राजा राणीकरवी निरोप देतो तो तिलाच, की तू हे नगर सोडून जा. ती आणखी तेरा दिवसांची मुदत मागते.

आमच्या मते खरा शेवट हाच. अपराधी मेला, तरी दरबाराला संकट वाटली ती तक्रार करणारी स्त्रीच.

२०१३ मध्ये आपल्या कायद्याने पाठलागाला स्वतंत्र गुन्हा ठरविले. आज तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात येतो. तरीही घाबरलेली मुलगी घरी येऊन काही सांगू लागली, की आपण तिला पहिला सल्ला देतो तो वाट बदलण्याचा, शिकवणी सोडण्याचा. अशा वेळी आपल्या माजघरात विराटाचाच दरबार भरलेला असतो. भीम पुढे येईल तेव्हा येवो. त्या दरबारात निदान एकाने तरी तोंड उघडावे, एवढे आपल्या हाती आहे.