प्रौढ साक्षरता : पटावरची संख्या आणि तिजोरीतला पैसा

शालेय वय उलटून गेलेल्या निरक्षर स्त्री-पुरुषांना लेखन, वाचन व अंकगणित शिकवण्याच्या सरकारी उपक्रमांना ढोबळमानाने प्रौढ शिक्षण म्हटले जाते. २०११च्या जनगणनेनुसार देशात १५ वर्षे व त्यापुढील वयोगटात २५.७६ कोटी निरक्षर होते. त्यांपैकी १६.६८ कोटी स्त्रिया. हा प्रश्न मुख्यतः खेड्यातील बाईचा आहे, हे या एका आकड्यावरून उघड होते. मात्र त्यासाठीचा निधी आणि त्यातून वर्गात आलेली माणसे यांचा हिशेब इतका सरळ नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या इतिहासाचा आरंभ साताऱ्यापासून करावा लागतो. १९५९ साली त्या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर नेण्यात आली. शाळेचीच इमारत आणि गावचाच शिक्षक असल्याने खर्च फार नव्हता. सारा भर गावाच्या प्रतिष्ठेवर होता. गाव साक्षर झाले की ‘ग्रामगौरव समारंभ’ होई. समारंभानंतर वाचायला काय द्यायचे, याची तरतूद मात्र तोकडी होती. आणि सराव तुटला की नवसाक्षर पुन्हा अंगठ्याकडे वळतो.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने १५ ते ३५ वयोगटातील दहा कोटी लोकांचे उद्दिष्ट समोर ठेवले. साधारण तीस जणांचे एक केंद्र, एक निदेशक आणि त्याला महिना ५० रुपये मानधन, अशी ही रचना होती. पैसा केंद्रांच्या संख्येवर मिळत असल्याने केंद्रे वाढवण्याकडे यंत्रणेचा कल राहणे स्वाभाविकच होते. पटावर तीस नावे असली की वर्ग चालू, असा हिशेब झाला. पटावरची सारी माणसे रोज रात्री खरोखर येत होती का, हे तपासणे अवघड होते.

५ मे १९८८ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने पुढे केंद्रांऐवजी जिल्हा हा घटक धरला. केरळमधील एर्नाकुलम जिल्हा फेब्रुवारी १९९०मध्ये साक्षर घोषित झाला आणि त्याच धर्तीवर संपूर्ण साक्षरता अभियान देशभर पसरले. केंद्राचे दोन व राज्याचे एक (आदिवासी उपयोजना क्षेत्रात चारास एक) असा खर्चाचा वाटा ठरला. स्वयंसेवक विनामूल्य शिकवीत. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि वर्धा हे या अभियानातील आरंभीचे जिल्हे. अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने १९९४मध्ये या अभियानांचा आढावा घेतला.

पैशाच्या दृष्टीने सर्वांत भरीव ठरली ती ८ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेली साक्षर भारत योजना. अकराव्या पंचवार्षिक योजनेत तिला ६,५०२.७० कोटी रुपये देण्यात आले. उद्दिष्ट सात कोटी प्रौढांचे, त्यांत सहा कोटी स्त्रिया. ग्रामपंचायत पातळीवर लोकशिक्षण केंद्र आणि तेथे दोन प्रेरक, प्रत्येकी महिना दोन हजार रुपये मानधनावर. उद्दिष्टाला भागले तर माणशी सुमारे ९२९ रुपये होतात. वर्षातून दोनदा चाचणी घेतली जाई. ऑगस्ट २०१०पासून मार्च २०१८पर्यंत ७.६४ कोटी लोक ती उत्तीर्ण झाले, असे सरकारी आकडे सांगतात. उत्तीर्णांची ही संख्या तरी पटसंख्येपेक्षा विश्वासार्ह म्हणावी लागेल. ३१ मार्च २०१८ रोजी योजना संपली आणि प्रेरकांचे कामही संपले. गावात शिल्लक राहिलेल्या त्या एकमेव माणसाला सोडून देणे, हा या साऱ्या प्रवासातील सर्वांत महाग काटकसरीचा निर्णय होता.

त्यानंतर दोन वर्षे या क्षेत्रात केंद्राची मोठी योजनाच नव्हती. २०२०-२१मध्ये ‘पढना लिखना अभियान’ आले. ५७ लाख प्रौढ आणि १४२.६१ कोटी रुपये, एवढाच त्याचा आवाका. मग २०२२-२७ या पाच आर्थिक वर्षांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर झाला. तोच पुढे ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाऊ लागला. उद्दिष्ट पाच कोटींचे आणि एकूण तरतूद १,०३७.९० कोटींची (केंद्र ७००, राज्ये ३३७.९०). म्हणजे पाच वर्षांत माणशी सुमारे २०८ रुपये. महागाई बाजूला ठेवली तरी साक्षर भारतच्या पाव हिश्श्याहून कमी. फरक भरून काढायचा आहे तो बिनमोबदला स्वयंसेवकांनी.

महाराष्ट्रात याची पहिली ठेच २०२३मध्ये लागली. निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम प्राथमिक शिक्षकांवर सोपवण्यात आले आणि हे अशैक्षणिक काम असल्याचे सांगत शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. राज्यातील पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन व संख्याज्ञान प्रत्येकी ५० अशी ती १५० गुणांची असते.

मार्च महिन्याची निवड शासकीय वर्षाला सोयीची खरी. पण बीडसारख्या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. सरावाचे साधारण दोनशे तास नेमके त्याच महिन्यांत मोडतात. नंदुरबारमधून मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्यांचीही हीच गत. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के असताना नंदुरबारची ६४ टक्क्यांच्या आसपास होती.

केंद्राच्या २०२४मधील निकषानुसार ९५ टक्के साक्षरता ही पूर्ण साक्षरता मानली जाते. या निकषावर जून २०२४मध्ये लडाख आणि २०२५मध्ये मिझोराम, गोवा, त्रिपुरा यांनी तशी घोषणा केली. गोव्याची लोकवस्ती आटोपशीर आणि साक्षरता आधीपासूनच उंच. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर मात्र वर्ग भरवायचा तर आधी स्वयंसेवकाला तेथवर पोहोचावे लागते, आणि त्याच्या जाण्यायेण्याच्या भाड्याची सोय माणशी २०८ रुपयांतूनच करावी लागते.