नवे कशास म्हणावे?

गोल्फ हा खेळ आमच्या भातकुलीच्या आसपास कोणी खेळत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. खारपाणपट्ट्यातील काळ्या जमिनीत कपाशी होते, तूर होते; परंतु हिरवळीची मैदाने राखावयास लागणारे गोडे पाणी त्या भूमीच्या पोटात नाही. असे असूनही आजच्या भाषणाचा आरंभ मी गोल्फच्या काठीपासूनच करणार आहे. पेटंट देणाऱ्या कचेरीत नव्या कल्पनेची परीक्षा कशी होते हे त्या काठीच्या डोक्यावरून जितके स्वच्छ समजते, तितके मोठमोठ्या यंत्रांवरून समजत नाही.

ज्यांनी लहानपणी विटीदांडू खेळला असेल त्यांना दांडूचा तोल म्हणजे काय हे सांगावयास नको. दांडू शेंड्याला जड असला तर टोला एक प्रकारचा बसतो, मुठीकडे जड असला तर दुसऱ्या प्रकारचा. गोल्फच्या काठीचेही तसेच आहे. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला बसविलेले लाकडी अथवा धातूचे डोके. त्या डोक्याने चेंडू मारावयाचा. आता त्या डोक्याचे वजन कोठे असावे व दांडा त्यात कोठे रोवावा, एवढ्या दोन प्रश्नांवर अनेकांनी आपली बुद्धी खर्च केलेली आहे. अमेरिकेतील स्केनेक्टडी ह्या गावच्या आर्थर नाइट नावाच्या इंजिनियराने अल्युमिनियमचे डोके करून त्यात दांडा कडेला न बसविता मध्याजवळ बसविला आणि १९०३ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढच्याच वर्षी वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकन खेळाडू ती काठी घेऊन इंग्लंडात गेला व तेथील हौशी खेळाडूंची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकून परत आला. १९१० मध्ये सेंट अँड्रूजच्या धुरीणांनी तशा काठ्यांना आपल्या नियमांतून बंदीच घातली.

ह्या बंदीशी पेटंटच्या परीक्षकाचे काही नाते नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वस्तू सुंदर आहे की कुरूप, खेळाच्या नियमात बसते की नाही, बाजारात खपेल की पडून राहील, ह्यांपैकी काहीही तो विचारीत नाही. अर्जदाराने आपल्या अर्जाच्या शेवटी काही दावे लिहिलेले असतात. शेताच्या खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहितात, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, तसे हे दावे असतात. एवढ्या हद्दीतील कल्पना माझी, असे अर्जदार त्यांतून सांगतो. परीक्षक ती चतुःसीमा घेऊन जुन्या कागदांत शिरतो. त्या हद्दीत पूर्वीच कोणी नांगर घातला आहे काय, हा त्याचा पहिला प्रश्न. घातला नसेल, तर त्या धंद्यातील जाणत्या कारागिराला ती कल्पना सहज सुचली असती काय, हा दुसरा. वस्तू उपयोगाची असली पाहिजे हे आहेच. काठीचे डोके नुसते दिसावयास निराळे असेल तर त्याचा विचार पेटंटच्या नव्हे, डिझाइनच्या नोंदणीत होतो. आपल्याकडे त्यासाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे.

ही परीक्षा आज आपणांस स्वाभाविक वाटते. पण ती पुष्कळ उशिरा आली. अमेरिकेत १८३६ च्या कायद्याने सरकारी परीक्षक नेमून जुन्या कागदांशी ताळा घेण्याची रीत घातली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वॉशिंग्टनची पेटंट कचेरी जळाली आणि जुने दप्तर राख झाले, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे! इंग्लंडात तर १९०५ पर्यंत कल्पना नवी आहे की नाही ह्याचा शोध कचेरी करीतच नसे. अर्ज नीट लिहिला व फी भरली की पेटंट मिळे, आणि खरे-खोटे पुढे न्यायालयात ठरे. १९०५ पासून शोध सुरू झाला, तोही मागील ५० वर्षांच्या ब्रिटिश पेटंटांपुरताच. हिंदुस्थानात पहिला कायदा १८५६ चा. त्याखाली पहिला हक्क कलकत्त्याच्या डिपेनिंग नावाच्या इंजिनियरास पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी मिळाला. त्या कायद्यास राणीची पूर्वसंमती घेतलेली नाही, ह्या कारणावरून तो १८५७ मध्ये रद्द झाला व १८५९ मध्ये दुसरा आला. १९११ च्या कायद्याने हा सारा कारभार कंट्रोलर ह्या अधिकाऱ्याच्या हाती दिला. सांप्रत चालू असलेला कायदा १९७० चा. तो १९७२ पासून अमलात आहे. ह्या कामाची एक शाखा आपल्या नागपुरातही आहे. १९८० मध्ये तेथे पेटंटांची माहिती जतन करणारी संस्था निघाली, आणि नव्या परीक्षकांना शिक्षण देण्याची सोयही नागपुरातच आहे.

परंतु परीक्षक कितीही शिकला तरी तो पाहणार कागदच. जे कागदावर नाही त्याचे काय? हा प्रश्न गोल्फच्याच एका खटल्यात फार ठळकपणे उभा राहिला. पूर्वी गोल्फचा चेंडू गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा, भरीव व टणक असे. कोबर्न हॅस्केल ह्या अमेरिकन गृहस्थाने आपल्या मित्राच्या साह्याने रबराचा ताणलेला दोरा गुंडाळून चेंडू केला आणि १८९९ साली पेटंट घेतले. चेंडू असा उसळे की १९०२ मध्ये सँडी हर्डने तो वापरून ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकल्यावर जुन्या चेंडूंचे दिवसच भरले. पुढे ग्लासगोच्या एका कारखान्याने तसेच चेंडू काढताच हॅस्केलच्या कंपनीने फिर्याद गुदरली. १९०६ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा प्रतिपक्षाने जुनी पुस्तके फारशी आणली नाहीत. त्याने म्हातारी माणसे आणली. आम्ही पंचवीस-तीस वर्षांपूर्वी स्कॉटलंडात रबराचा दोरा गुंडाळून असे चेंडू करीत होतो, असे त्यांनी शपथेवर सांगितले. न्यायाधीशाला ते पटले, पेटंट रद्द झाले आणि १९०८ मध्ये लॉर्डांच्या सभेनेही तोच निकाल कायम केला.

अमेरिकेत मात्र हॅस्केलचे पेटंट टिकून राहिले. तेथील कायद्याचे तेव्हाचे कलम असे होते की, अमेरिकेत एखादी गोष्ट लोकांना माहीत असेल अगर वापरात असेल तर ती नवी नव्हे; परदेशात मात्र ती पेटंटात अथवा छापील मजकुरात आलेली असेल तरच ती जुनी समजावी. म्हणजे स्कॉटलंडच्या म्हाताऱ्याच्या हातचा चेंडू अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने जणू कधी उडालाच नाही! ह्या कलमाचा आशय १९५२ च्या नव्या कायद्यातही राहिला, आणि त्याचा झटका पुढे आपल्या घरच्या हळदीला बसला.

कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलवटतात. विळा निसटला तर कापतात. मग चूल जवळ असो वा नसो, चिमूटभर हळद जखमेवर दाबावी हे वऱ्हाडातल्या कोणत्याही आजीबाईला शिकवावे लागत नाही. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कचेरीने, जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग करण्याच्या रीतीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट दिले. अर्जदार संशोधक दोघे होते, व दोघेही भारतीय वंशाचे. हळद भारतात मुरगळ व सूज ह्यांवर पूर्वापार वापरतात, हे त्यांच्या मसुद्यातच मान्य केलेले होते. तथापि जखमेविषयीचा छापील पुरावा परीक्षकापुढे नव्हता, आणि आजीबाईची चिमूट त्या कायद्यात बसत नव्हती. परीक्षकाला मी दोष देणार नाही. पुढ्यातल्या उत्तरपत्रिकेबाहेरचे गुण मी तरी कोठे देत असे?

भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. जन्म गोव्यातील माशेलचा, वाढले मुंबईत. त्यांच्या कारकिर्दीत परिषदेने १९९६ च्या ऑक्टोबरात फेरपरीक्षेची मागणी केली व ३२ संदर्भ पाठविले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेत १९५३ साली छापलेला एक लेख होता. ऑगस्ट १९९७ मध्ये कचेरीने सारे दावे फेटाळले. एका सरकारने दुसऱ्या देशाचे पेटंट परंपरागत ज्ञानाच्या आधाराने पाडल्याचे हे गाजलेले पहिले उदाहरण मानतात.

ह्या विजयाविषयी आपल्याकडे जरा फुगवून बोलले जाते, म्हणून एक खुलासा करणे भाग आहे. पेटंट ज्या देशाने दिले त्याच देशात चालते. ते रद्द झाले नसते तरी भातकुलीत कोणालाही हळद लावावयास मनाई होणार नव्हती. वाया गेला असता तो अमेरिकेतील व्यापाराचा हक्क आणि आपला मान. दुसरे असे की, जिंकली ती आजीबाई नव्हे, १९५३ चा छापील कागद जिंकला. तो लेख त्या वर्षी कोणी लिहिलाच नसता तर केवळ घरोघरच्या वापरावर निकाल कसा लागला असता, हे त्या कलमाकडे पाहता उघड आहे. अमेरिकेने ते कलम २०११ च्या सुधारणेने बदलले व २०१३ च्या मार्चपासून परदेशातील वापरही जमेस धरण्यास सुरुवात केली.

दरम्यान आपल्या सरकारने २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी ग्रंथांतील योग एकत्र करून त्यांचे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी अशा ५ भाषांत भांडार तयार केले आहे. २००९ मध्ये युरोप व अमेरिका येथील परीक्षकांना ते पाहण्याची सोय करून देण्यात आली. काम मोलाचे आहे ह्यात संशय नाही. मात्र ते ग्रंथांचे भांडार आहे. वैद्याची पोथी त्यात गेली. सुताराची व लोहाराची पोथी नव्हतीच, ती कशी जाणार?

आपला कायदा ह्या बाबतीत अधिक उदार आहे. परंपरागत ज्ञान म्हणजे नवा शोध नव्हे, असे त्याच्या तिसऱ्या कलमात आता स्पष्ट लिहिले आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणाही व्यक्तीस हरकत घेता येते, आणि ती हरकत एखाद्या स्थानिक समाजात तोंडी चालत आलेल्या ज्ञानावरही उभी करता येते. म्हणजे स्कॉटलंडच्या म्हाताऱ्यास जे आसन मिळाले ते वऱ्हाडच्या म्हाताऱ्यासही आहे. फक्त त्याला त्या आसनापर्यंत वेळेवर पोहोचावे लागेल. पेटंट कचेरीचे कामकाज हिंदी व इंग्रजी ह्या भाषांत चालते; तेव्हा वऱ्हाडी बोलीत सांगितलेल्या हकिकतीचे भाषांतर करून, प्रतिज्ञापत्र लिहून ते द्यावे लागणार. आणि तोवर सांगणारा हयात असला पाहिजे.

तिफण, वखर, डवरा ही अवजारे गावोगावच्या सुतारांनी आपापल्या जमिनीप्रमाणे थोडीथोडी बदलून घेतलेली आहेत. खारपाणपट्ट्यातील जमीन ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. तेथे फणाचा कोन व दोन नळ्यांमधले अंतर ह्यांना फार महत्त्व असते. ट्रॅक्टरमागे लावावयाची पेरणीयंत्रे आल्यापासून लाकडी तिफण मागे पडली, आणि तिचा हिशेब ज्यांच्या डोक्यात होता असे सुतार आता मोजकेच उरले आहेत. माझ्या नोकरीच्या काळात चित्रकलेच्या तासाला फुले-पाने काढून मुले कंटाळली, की मी त्यांना सुताराच्या खोपीत पाठवीत असे व समोर असेल ते अवजार मापासह काढून आणावयास सांगत असे. खाली तारीख व अवजार करणाऱ्याचे नाव लिहावयाचे, हा नियम. त्यांपैकी काही वह्या अद्याप माझ्यापाशी आहेत. तिफणीचे चाडे, नळ्या व फण ह्यांची मापे त्यांत इंचांत दिलेली आहेत, आणि एका मुलाने फणाचा कोन कंपासपेटीतील कोनमापकाने मोजून समासात लिहिला आहे.