मोबाइल आणि आजीबाईचा बटवा

विजेरीचे सेल मंदावले की ते काढून दुपारभर उन्हात ठेवायचे, ही रीत आपल्या खेड्यापाड्यांत कोणी सुरू केली याचा पत्ता कोणत्याही बखरीत लागायचा नाही. पण रीत होती, आणि ती अगदीच वेडगळ नव्हती. जस्ताच्या त्या जुन्या सेलांना ऊब लागली की आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरी आणि रात्रीच्या राखणीपुरता उजेड मिळून जाई. रेडिओचेही तसेच. व्हॉल्व्हचा रेडिओ खरखरू लागला की घरातला कर्ता माणूस त्याच्या पाठीवर एक थाप देई. व्हॉल्व्हचे पाय खाचेत सैल झालेले असत, ते थापेने पुन्हा जागेवर बसत. आकाशवाणीचे नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून विदर्भातल्या किती रेडिओंनी अशा थापा खाल्ल्या, ते त्या रेडिओंनाच ठाऊक!

श्रोतेहो, आज बोलायचे आहे ते असल्याच घरगुती उपायांविषयी. मात्र रेडिओच्या नव्हे, तर आपल्या खिशातल्या मोबाइलच्या. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांनी ऐकले. त्याला जेमतेम तीन दशके होत आहेत. एवढ्या अवधीत या यंत्राभोवती उपायांचा एक आजीबाईचा बटवाच तयार झाला आहे. गंमत अशी की त्यातले बरेचसे उपाय एके काळी खरे होते. ज्या यंत्रासाठी ते निघाले ते यंत्र केव्हाच भंगारात गेले आणि उपाय मात्र तोंडातोंडी पुढे चालत आला. भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या दिघोरीला आज सातबारा, बँक, निराधारांचे अनुदान, सगळे याच यंत्रातून फिरते. तेव्हा कोणता उपाय कोणत्या काळचा, हे पाहणे नुसत्या करमणुकीचे राहिलेले नाही.

पहिली गोष्ट बॅटरीची. ‘नवा फोन आणला की आधी आठ तास चार्ज करा, मग पूर्ण उतरेपर्यंत वापरा, मधेच लावू नका,’ असे दुकानदार सांगत. हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या बॅटरीसाठी होता. सुरुवातीच्या फोनांत ती असे. अर्धवट रिकामी असताना ती वारंवार चार्ज केली, तर तेवढीच आपली कुवत अशी तिची जणू समजूत होई. पण १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे फोनांतून जुनी बॅटरी हद्दपार झाली. या शोधाचे महत्त्व केवढे, तर गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या नव्या बॅटरीचा स्वभाव नेमका उलटा आहे. तिला पूर्ण रिकामी होणे सोसत नाही, आणि शंभर टक्के भरून तासन् तास राहणेही मानवत नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखी असते. मधेच लावा, मधेच काढा, तिची काही तक्रार नाही.

तिचा खरा वैरी म्हणजे उष्णता. बहुतेक कंपन्या ३५ अंशांच्या आत फोन वापरा म्हणतात. आता आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्याला कंपनी तरी काय करणार! तरीपण मोटारसायकलच्या टाकीवर उन्हात ठेवलेला फोन किंवा चार्जिंगला लावून उशीखाली सारलेला फोन, हे आपल्या हातचे आहे. सेल उन्हात ठेवणाऱ्या पिढीचा उपाय या बॅटरीला विषासारखा आहे. फुगलेली बॅटरी दिसली तर ती दाबून, टोचून पाहू नये. तिला आग लागते.

दुसरा उपाय आमच्या घरचाच म्हणायचा, कारण तो तांदळाचा आहे. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, असे जगभर सांगितले जाते. आमचा जिल्हा धानाचा, त्यामुळे तांदळाला तोटा नाही. आणि रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात फोन पडायलाही तोटा नाही. पावसाळ्यात मिठाच्या भांड्यात चार दाणे टाकायची युक्ती बायकांना पूर्वापार माहीत होती. मिठावरून ती फोनवर आली असावी, असा माझा तर्क आहे. पण मीठ वेगळे आणि फोन वेगळा. फोनच्या पोटात शिरलेले पाणी बाहेरचा तांदूळ ओढून घेत नाही. उलट त्याची भुकटी चार्जिंगच्या छिद्रात जाते. जानेवारी २०२४ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या सूचनांत तांदूळ वापरू नका असे स्पष्टच छापले. करायचे ते एवढेच : फोन बंद करावा, छिद्राची बाजू खाली धरून तळहातावर हलकेच आपटावा, आणि हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवून द्यावा. ओल पूर्ण जायला एक दिवसही लागतो. चुलीजवळ ठेवू नये, केस वाळवायचे यंत्र लावू नये, आणि तोवर चार्जरला तर मुळीच जोडू नये.

आता मिस्ड कॉल. माझ्या मते आपल्या लोकांनी या यंत्रावर शोधून काढलेला हा सर्वांत हुशार उपाय. आधी आलेला कॉल घेण्याचेही पैसे पडत. १ मे २००३ पासून ते बंद झाले. बोलणाऱ्याला मात्र पैसे होतेच. मग लोकांनी न बोलता बोलण्याची भाषा तयार केली. एक घंटा म्हणजे ‘पोचलो’. दोन घंटा म्हणजे ‘तूच लाव’. शेतावर गेलेल्या माणसाने घरी एक घंटा दिली की समजायचे, लाइन आली, पंप सुरू झाला. पुढे पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून शेतपंप चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ नावाचे उपकरणच बनवले आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. अपरात्री लाइन आली की धुऱ्यावरून साप-विंचवांतून चालत जाणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच या उपकरणाची किंमत कळेल. २०११ साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा कळवायचा तोही मिस्ड कॉलने. एक पैसा न खर्चता आपले मत नोंदवण्याची ही सोय होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, बोलणे फुकट झाले आणि मिस्ड कॉलचे प्रयोजन संपले. सवय मात्र उरली : घंटा वाजून थांबली की उलट फोन करायचा. या सवयीवर आता दुसरेच लोक पोट भरतात. परदेशी क्रमांकावरून एक घंटा येते. आपण उलट लावला की आपल्याच शिलकीतून पैसे वाहू लागतात. जपानात या फसवणुकीला ‘वनगिरी’ म्हणतात, म्हणजे एक घंटा देऊन तोडणे. तेव्हा अधिक ९१ नसलेल्या अनोळखी क्रमांकाला उलट फोन करू नये. तसाच एक प्रकार स्टार चारशे एक स्टार दाबून पुढे अमुक क्रमांक टाका, असे सांगण्याचा. तसे केले की तुमचे सगळे कॉल त्या माणसाकडे वळतात आणि त्याबरोबर बँकेचा फोनवरून सांगितला जाणारा गुप्त आकडाही. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा आकड्यांनी कॉल वळवण्याची सोय स्थगित केली. तरी शंका आली तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ पाहून घ्यावे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. तिथे एका तासानेही फरक पडतो.

एक उपाय आपल्या भाषेला महाग पडला, त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात नील पॅपवर्थ यांनी धाडला. एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे बसत. देवनागरीला मात्र दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून त्याच संदेशात मराठीचे ७०च संकेत बसत. शिवाय आपले जोडाक्षर त्यात सुटे करून मोजतात. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण यंत्र त्याचे सहा मोजते : स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. जरा लांब मराठी संदेश लिहिला की दोन संदेशांचे पैसे! मग लोक मराठी रोमन लिपीत लिहू लागले. त्या लिपीत बळ, बाळ, बल आणि बाल हे चौघे एकाच कपड्यात येतात, ओळखणाऱ्याने ओळखावे.

मराठी वाचायचीही पंचाईत होती. २०१०च्या सुमारास पुष्कळ फोनांवर मराठी पान उघडले की अक्षरांऐवजी चौकोन दिसत. त्यावर पोरांनी एक तोड काढली. ‘ऑपेरा मिनी’त पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा : कॉन्फिग’ असे इंग्रजीत टाकायचे आणि यादीच्या शेवटी अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरा, या ओळीला ‘होय’ म्हणायचे. मग दूरच्या संगणकावर त्या मजकुराचे चित्र होऊन येई आणि मराठी स्वच्छ दिसे. कॉलेजातल्या मुलांनी ही युक्ती एकमेकांना शिकवली. माझ्या लेखी त्या मुलांची मराठीची सेवा काही परिसंवादांहून मोठी आहे. २०११च्या अँड्रॉइड ४.० बरोबर देवनागरी फोनातच आली. २०१६ साली केंद्र सरकारने असे ठरवले की देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर बावीस भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत. ऑगस्ट २०१७ पासून गूगलला मराठीत नुसते बोलले तरी ते लिहून देते; आमची झाडीबोली ऐकली की थोडे गोंधळते, ते सोडा. सांगायचे असे की रोमन लिपीतल्या मराठीचे कारण केव्हाच सरले, तरी लग्नपत्रिकेपासून शोकसंदेशापर्यंत ती चालूच आहे.

बटव्यातला जो उपाय अजून शंभर नंबरी आहे तो सगळ्यांत साधा : बंद करून पुन्हा चालू करणे. रेडिओवरच्या थापेचा हा वारसदार. अर्धवट अडकलेली कामे त्याने पुसली जातात आणि फोन जवळचा टॉवर नव्याने शोधतो. नुसते नेटवर्क रुसले असेल तर विमानाचे चिन्ह दाबून अर्ध्या मिनिटाने काढले तरी पुरते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्यालाच बांधीत उभे राहून आपल्या धानाचा फोटो काढावा लागू लागला, तेव्हापासून आमच्याकडे हे विमान धुऱ्याधुऱ्यावर उडते आहे.

राहता राहिला फोन हरवण्याचा प्रश्न. प्रत्येक फोनला पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक असतो. २००९ पर्यंत हा क्रमांक नसलेले स्वस्त फोन बाजारात पुष्कळ होते. १ डिसेंबर २००९ पासून अशा फोनांची सेवा तोडली गेली, तेव्हा थोडे पैसे घेऊन क्रमांक घालून देणारी केंद्रेही निघाली होती. आता मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर हरवलेला फोन सर्व कंपन्यांच्या जाळ्यांतून बंद करता येतो. त्यासाठी पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आणि हा क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो पडद्यावर दिसतो. अर्थात फोन हातात असेल तरच! म्हणून आजच दाबून पाहावा आणि सातबारा ज्या पिशवीत ठेवता त्याच पिशवीतल्या वहीत उतरून ठेवावा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहावेत.