परदेशात स्कीइंगला जायचंय? रिसॉर्टच्या आधी कॅलेंडर बघा

इंदापूर-बारामती पट्ट्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. टोळी फडात कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे ऊसवाल्या घरातला कर्ता माणूस या दिवसांत लांबचा प्रवास टाळतो. अडचण अशी की उत्तर गोलार्धात स्कीइंगचे दिवसही नेमके हेच. आल्प्स, जॉर्जिया, कझाकस्तान किंवा जपान, कुठंही गेलं तरी भरवशाचा बर्फ डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत असतो.

मुलांना सुट्टी लागते ती एप्रिल-मेमध्ये. त्या वेळी स्वित्झर्लंडच्या सहलीत टिटलिस किंवा 3,454 मीटर उंचीवरचं युंगफ्राऊयोख दाखवतात. तिथं मेमध्येही बर्फ असतो, फोटो छान येतात, घसरगुंडी होते. पण बर्फ बघणं वेगळं आणि स्कीइंग शिकणं वेगळं. मेपर्यंत आल्प्समधले बहुतेक स्की उतार बंद झालेले असतात. झेरमॅटच्या हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालतं, मात्र ती जागा नवशिक्याची नाही.

पावसाळ्यात मोकळीक असणाऱ्यांसाठी दक्षिण गोलार्ध आहे. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाऊनजवळचे कोरोनेट पीक आणि रिमार्केबल्स हे उतार साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतात. प्रवास लांबचा आणि महागडा, शिवाय मुलांची शाळा बुडते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र दोन्ही गोलार्धांत हात रिकामेच राहतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय बघावं?

डोंगर किती प्रसिद्ध आहे, हे सोडून सगळं. नवखा माणूस पहिले दोन-तीन दिवस शे-दोनशे मीटरच्या सौम्य उतारावरच पडत-उठत असतो. त्यानं शेकडो किलोमीटर उतारांचा लिफ्ट पास काढणं म्हणजे विहिरीवर पोहायला शिकायचं आणि पैसे उजनीचे भरायचे. काही ठिकाणी फक्त शिकाऊ उतारांचा स्वस्त पास मिळतो, तो आहे का हे आधी विचारावं. इंग्रजी बोलणारा प्रशिक्षक आणि भाड्यानं मिळणारं साहित्य याचीही चौकशी करावी. स्की, बूट, काठ्या बहुधा एकत्र मिळतात. हेल्मेट आणि जॅकेट-पँटचं भाडं अनेकदा वेगळं लागतं.

युरोपात उतारांना रंग दिलेले असतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्ससारख्या देशांत निळ्याहून सोपा हिरवाही असतो. नकाशावर हिरवे-निळे उतार जास्त असतील ते रिसॉर्ट कुटुंबाच्या कामाचं.

खर्चाच्या दृष्टीनं कझाकस्तानचं शिंबुलाक सोयीचं पडतं. अल्माटी शहरापासून ते तासाभराच्या आत आहे. मेदेऊहून गोंडोलानं 2,260 मीटरवरच्या तळापर्यंत जाता येतं. मुक्काम शहरात करता येतो आणि भारतीयांना 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. जॉर्जियातल्या गुडाउरीचे उतार मोठे आहेत, पण तिबिलिसीहून जाणारा घाटरस्ता जोरदार बर्फवृष्टीत बंद पडतो. परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवलेला बरा.

उंचीचाही विचार करावा. इंदापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटरवर. तिथून थेट तीन हजार मीटरवर गेल्यावर डोकं दुखणं, धाप लागणं होऊ शकतं. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

विमा नीट वाचा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथं होते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, म्हणून तो काढलेला असतोच. पण बऱ्याच पॉलिसींमध्ये स्कीइंगमधली दुखापत धरलेली नसते. त्यासाठी जादा हप्ता भरून हिवाळी खेळांचं संरक्षण घ्यावं लागतं. जखमीला उतारावरून खाली आणण्याचा खर्च, गरज पडल्यास हेलिकॉप्टरचा, त्यात आहे का हे लेखी घ्यावं. आखलेला उतार सोडून गेल्यास बहुतेक विमे लागू होत नाहीत.

हे खूळ आपल्याला मानवतं का, हे स्वस्तात तपासायचं असेल तर आधी गुलमर्ग. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था तिथं आहे. फक्त तारीख ठरवताना ताजा हवामान अंदाज बघावा. जानेवारी 2024 मध्ये ऐन हंगामात गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे पडले होते.